चौदा नंबरचं झाड

ओहोटी साडेसहाची.
गुडघाभर चिखलात मी, पिशवीत कात्री,
होडीत बर्फाचा डबा, काल बांगडे होते त्यात,
वास अजून गेलेला नाही.
हरचंद कुबल वल्हं आडवं टाकून बसलेत.
माझ्या मोजमापावर त्यांचा विश्वास नाही,
होडीभाड्यावर आहे.

आचऱ्याच्या खाडीवर बांध घातला, त्याला सहा वर्षं झाली.
बांधाबाहेरचं कांदळ दिवसातून दोनदा धुऊन निघतं.
आत भरती येत नाही,
साचलेलं पाणी जात नाही,
मे महिन्यात चिखलावर मीठ फुलतं
भिंतीला लोणा लागावा तसं.

मिठाने घसा आवळला की झाड काय करतं?
पान जाड करतं.
आणि सालीत, पानात, मुळाच्या कोवळ्या टोकात
तुरट साठवत राहतं,
किडीने तोंड लावलं तर तोंड वाकडं व्हावं म्हणून.
माझ्या वहीत त्याला टॅनिन म्हणतात.

हरचंदांच्या वडिलांनी ह्याच सालीच्या काढ्यात
सुती जाळी रापवली.
किनाऱ्यावर हंडा, तीन रात्री जाळ,
हात कोपरापर्यंत तांबडे.
लग्नात हळदसुद्धा चढली नाही म्हणे त्या हातांवर.
पण जाळं कुजायचं नाही.
मग नायलॉन आलं,
हंडा मोडीत गेला, वजनावर.

रत्नागिरीला मी पानांची पूड करते,
अॅसिटोनमध्ये भिजवते, लोहाचा थेंब सोडते,
आणि नळीत शाई होते,
निळीकाळी, दौतीतली.
जेवढा जाच, तेवढी गडद.
पाच वर्षं आलेख चढत गेला.
सर म्हणाले, सुंदर चढ आहे.
मीही हसले होते तेव्हा.

यंदा चौदा नंबर, बांधाला अगदी खेटून असलेलं:
नळीत नुसता फिका चहा.
पुन्हा केलं. पुन्हा.
बाटलीवरची तारीख पाहिली,
पिपेट बदललं,
शेवटी स्वतःवर संशय घेतला.

आज काही न सांगता
एकेक पान हरचंदांच्या हातावर ठेवलं.
अकरा नंबर चावून त्यांनी थुंकलं.
बारा थुंकलं, शिवी दिली.
तेराला डोळेच मिटले.
चौदावं मात्र
उरलेल्या दातांनी बराच वेळ चघळत राहिले.
थुंकले नाहीत.

"तुरट लागणा नाय गो."

मग बांधावर चढून झाडाकडे बघत,
"सगळा खर्चून बसला ह्या."

हे मला माहीत असायला हवं होतं.
तुरटपणा काय फुकट होतो?
त्याला ऊन लागतं, पाणी लागतं,
पोटातलं काढून द्यावं लागतं.
दाराला कडी घालायची तरी
हातात तेवढा जीव हवा.

अळ्यांनी पानं खाल्लेली,
शिरा तेवढ्या उरलेल्या.
एक पान मी उजेडाकडे धरलं:
बारीक आसाचं जाळं,
पलीकडे खाडी.
हरचंदांनीही तेच पान मागून घेतलं,
तसंच धरलं.
आम्ही काही बोललो नाही.

वहीत लिहिलं: क्रमांक चौदा, तारीख, क्षारता,
टॅनिनच्या रकान्यात एक लहानसा आकडा.
शेऱ्याची जागा रिकामी ठेवली.

भरती लागली तेव्हा पाणी बांधाला बाहेरून टेकलं.
हरचंदांनी होडी उपसायचा पत्र्याचा डबा घेतला,
अलीकडून भरला,
पलीकडे चौदाच्या मुळाशी ओतला.
आणखी एकदा.
तिसऱ्यांदा ओतताना मी बघतेय हे लक्षात आलं तसे
डबा होडीत टाकत म्हणाले,
"ह्या भाड्यात धरू नको."