बारीक आकडे

म्हापशात मासळी बाजाराच्या मागे
लोटलीकरांच्या खाणावळीची पाटी
तीस वर्षं मीच रंगवतो.
दर वाढले की बोलावणं येतं:
खरवडायचं, अस्तर मारायचं, वाळलं की नवा आकडा.
थाळी बारा रुपयांना होती तेव्हाचा पिवळा
अजून खाली कुठेतरी आहे,
नखाने उकरलात तर सापडेल.

या खेपेस पुंडलीकबाब म्हणाले,
शाणू, दरांच्या बाजूला आणखी एक रांग काढ. कॅलरी.
पण बारीक काढ हां.
लोकांनी वाचलं पाहिजे, पण दिसता नये.

त्यांची भाची शैवली कागद घेऊन आलेली,
अन्नशास्त्र शिकलेली, वजनकाटा पिशवीत.
दोन दिवस ती रांधपात बसली
आणि कृस्तालीनला विचारत राहिली,
खोबरं किती ग्रॅम?
कृस्तालीनने मूठ उघडून दाखवली.
तेल?
"पुरो म्हणसर."
शेवटी मुठीचंच वजन केलं दोघींनी.
सकाळची मूठ वेगळी भरली, दुपारची वेगळी,
मधला आकडा धरला.

नुस्त्याची थाळी नऊशे चाळीस.
बन, एक, तीनशे दहा.
सोलकढी नव्वद.
तळलेला बांगडा दोनशे दहा,
आणि बंदी सुरू, बांगडा महिनाभर नाहीच.
तरी आकडा काढला मी.
मासा येईल तेव्हा येईल.

शिडीवरून विचारलं, बाय, हे मोजतात तरी काय?
ती म्हणाली, ऊब.
एक लीटर पाणी एका अंशाने तापवायला लागते, तेवढी एक.
ब्रशचा दांडा दातांत धरून मी हिशेब केला:
एका थाळीत तेरा लीटर पाणी
नळाचं, गार, खळखळ उकळेल.
म्हणजे आमच्या न्हाणीतलं अख्खं भाण,
ज्याच्याखाली बायको रोज पहाटे
फुंकणी घेऊन डोळे पुसत बसते.

मला गोड बंद होऊन तीन वर्षं झाली.
डॉक्टरनेही एक आकडाच लिहून दिलाय.
पाकिटात असतो तो,
आणि पाकीट मी उघडतो
ते बहुतेक काही खाल्ल्यावरच.

पाटी लागली.
माणसं यायची, दर वाचायची, मासा कुठला ते विचारायची, बसायची.
एका गोऱ्या जोडप्याने फोटो काढला.
बोर्जिस वकिलाने चष्मा कपाळावर सरकवून
नऊशे चाळीस दोनदा वाचलं,
अर्धं शीत परत पाठवलं,
आणि कडी उरली म्हणून पुन्हा मागवलं.

मग शुक्रवारच्या बाजारी
बेळगावचा कांद्याचा ट्रक अर्धा उतरवून
फकीरप्पा आला.
डोक्यावरचं फडकं काढून पाटीसमोर उभा राहिला,
बोट हवेत, ओठ हलताहेत.
हा बारीक आकडा कसला?
मी म्हटलं, ताकद.
त्या क्षणी दुसरा शब्द सुचला नाही.
तो म्हणाला, खिशात चाळीस आहेत.
चाळिसात जास्त ताकद कशात?

हे शैवलीच्या कागदात नव्हतं.
आम्ही दोघांनी मिळून शोधलं,
माझं बोट खालून, त्याचं वरून.
थाळी तर दिसतच होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.
सोलकढी गेली. भाजी गेली.
वीस वीसचे दोन बन उरले,
सहाशे वीस.
उभ्यानेच खाल्ले त्याने, मिरची फुकट,
हात पँटीला पुसले
आणि उरलेला ट्रक उतरवायला गेला.
ओझ्यापुढे आकडा लिहायला
मला कुणी अजून बोलावलेलं नाही.

मंगळवारी वॉर्निश मारायला गेलो तेव्हा
बनापुढचे तीनशे दहा
जरा जाड केले,
रस्त्यापलीकडून, डोक्यावर गोणी असतानाही
वाचता येतील एवढे.
बाकीचे बारीकच आहेत.

पुंडलीकबाब गल्ल्यावरून उठून आले.
हा एकटाच का रे फुगला?
म्हटलं, बन आहे, बाब.
फुगणारच.