नऊनंतरचे दिवे

डुलुथच्या नगरपालिकेत मंगळवारी
बोलायला माणशी तीन मिनिटं.
आयनो लेहटिनेन उठला, टोपी काढली
आणि पहिलं मिनिट खोकण्यातच गेलं.

विषय : टेकडीवरच्या बर्फाच्या मैदानाचे दिवे
रात्री नऊला बंद करावेत की कसं.
नगरसेविका व्हांगनं वीजबिल वाचलं,
शेवटच्या सेंटपर्यंत.

आयनो म्हणाला, आमची पोरं तिथंच पडली
आणि तिथंच उठली.
मग बराच वेळ टोपीच बघत राहिला.
घंटा वाजली.
निर्णय पुढच्या बैठकीत.

मी ॲप्रनवरच गेलो होतो, तसाच पळत परत आलो.
मागोमाग सगळी सभाच बर्नीसच्या खानावळीत,
विरोधात बोललेलीसुद्धा,
कारण मंगळवारी तळलेला मासा अर्ध्या दरात
आणि उणे बाविसात भांडण फार टिकत नाही.
टीव्हीवर आपले तीन-एकनं हरत होते.
बर्नीस म्हणाली, वीजबिल त्या गोलकीपरला पाठवा,
नाहीतरी अंधारातच खेळतोय.
व्हांगबाई हसता हसता
शेजारच्याच्या ताटातले बटाटे उचलत राहिल्या.

आयनोची खुर्ची तेवढी रिकामी.

साडेअकराला कचरा टाकायला मागच्या दारी गेलो
तर टेकडीवर लख्ख उजेड.
एकटीच पोरगी, दोन मापं मोठे स्केट घालून,
फळीवर चकती मारतेय,
ठक्. थांबते. ठक्.
आणि कडेला पालथ्या बादलीवर आयनो,
किल्ल्या मुठीत,
नऊ वाजायची वाट बघत बसल्यासारखा.