शेवटचे तीन सेकंद

सत्तावीस सेकंद आपोआप भरतात.
तळाशीलची पुळण, फाटक्या जाळ्यावर पसरलेला गोलमा,
सुहासिनी टिकम तो तळव्याने परतते,
कावळ्याला हाकलते,
कॅमेऱ्याकडे बघत नाही.
अडतं ते पुढच्या तिनात.
तिथे काहीतरी म्हणावं लागतं.

“लाइक करा, शेअर करा” लिहिलं.
ती म्हणाली, “ह्यां कोनाक सांगतंस?”
“आजच ऑर्डर करा” लिहिलं.
“आज कित्या? उद्या खाऊक नको त्यांका?”
“साठा मर्यादित” वाचून
तिने डब्याचं झाकण काढलं
आणि आत खरंच किती आहे ते पाहिलं.
“येवा”ने सुरू होणारं ते वाक्य मी काढलंच नाही.
ते एसटी स्टँडच्या भिंतीवर आहे,
टी-शर्टांवर आहे,
धुऊन धुऊन त्याचा रंग गेलाय.

माझा धंदाच हा.
आचरा तिठ्यावर, झेरॉक्सच्या दुकानामागे, रीलमागे सहाशे.
स्कूबावाल्या ग्लेन लोबोसाठी लिहिलं होतं,
“कमेंटमध्ये ‘मासा’ लिहा.”
नऊशे जणांनी मासा लिहिला,
पाण्यात उतरले चार.
कोर्समध्ये शिकवलेलं: बोलल्यासारखं लिहा.
कोणासारखं,
ते फीमध्ये नव्हतं.

म्हणून एका बाजाराच्या दिवशी
फोन खिशात ठेवून तिच्या पाठीमागे बसलो.
ती हाक मारत नाही.
ओरडणाऱ्या दोघी पलीकडे होत्या, त्यांचंही खपत होतं.
ही नुसती ढीग थोपटत बसलेली.
छत्रीवाला एक माणूस पुढे निघून गेला,
चांगला चार पावलं,
तेव्हा त्याच्या पाठीला म्हणाली,
“काल खंय होतंस?”

तो थांबला.
असं विचारल्यावर न थांबून कसं चालेल?
“लेकीकडे. कुडाळाक.”
“बरी आसा?”
“बरी.”
तेवढ्यात कागद दुमडला गेला, पुडी पिशवीत,
आणि पैसे देताना तो अजून
जावयाच्या नव्या गाडीबद्दल बोलत होता.

मी वहीत उतरवून घेतलं. चोरासारखं.

शेवटच्या तिनात पांढरी अक्षरं, बाण नाही, बोट नाही, घंटा नाही:
काल खंय होतास?
खाली नंबर, गप्प.

रात्री उत्तरं आली.
वसईला, नाइट शिफ्ट.
मस्कतात, बारा वर्षं झाली.
हॉस्पिटलात होतो, आता बरा आहे, सोडे पण आहेत का?
एकाने किलोचा भाव विचारला,
मी सगळ्यात आधी त्यालाच उत्तर दिलं, सवय.
आणि फोटो नसलेल्या एका खात्यावरून
एकच शब्द:
हंयच.

सकाळी तिला दाखवलं.
बोटं पदराला पुसून तिने फोन लांब धरला,
बराच वेळ.
मग गोलमा परतायला बसली,
नेमका जिथे तो आधीच वाळला होता
तिथेच.
मी विचारलं नाही.

ग्लेनला तेच वाक्य हवं झालं.
लावून बघितलं. निळं पाणी, बुडबुडे,
वर येणारा कोणी नाही,
आणि पडद्यावर: काल खंय होतास?
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
पुसून टाकलं.

तिच्या ऑर्डरी एकसष्ट. तीन दिवस आभाळ भरलेलं.
वाळलेल्या पुड्या अठरा.
“उरलेल्यांका काय सांगू?”
“थांबा म्हन. ऊन पडांदे.”
एवढं उलटं कोणी शिकवलं नव्हतं मला.
क्रियापद होतं, तेही थांबण्याचं.
तसंच टाईप केलं, त्रेचाळीस जणांना,
थांबा, ऊन पडांदे,
आणि फोन ठेवून
वर बघितलं.