अडीच का साडेतीन

दुकानातल्या पोरानं विचारलं,
"काकू, अडीच का साडेतीन?"
मी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा झाले होते.
बर्डीवर मोदी नंबर दोनच्या गल्लीत
कुत्रं शटरखालची सावली सोडायला तयार नव्हतं.
"वाजले नाही ना काकू. इंच. इंच इचारून राह्यलो."

तोंडावरचा दुपट्टा सोडला,
टिफिनच्या पिशवीतून
पेपरात गुंडाळलेला ठोकळा काढला.
"बोर्ड गेला ताई, पण हे जिवंत दिसते,"
म्हणत टेंभुर्णेनं परवा हातावर ठेवलेला.
वजन, अर्ध्या किलोच्या एका वांग्याइतकं.

पोराच्या छातीवर पाटी: रोशन मोटघरे.
त्यानं काउंटरवर डबे मांडले.
आरपार दिसणारा, प्लास्टिकचा, दोनशे ऐंशी.
अ‍ॅल्युमिनियमचा, साडेसहाशे.
एकाला पंखा होता, बाराशे म्हणाला,
आणि माझ्या चपलांकडे पाहून
तो स्वतःच परत ठेवला.

मी प्लास्टिकच्याला हात लावला.
"नका घेऊ. पंचेचाळीस डिग्रीत
आत भरीत होईन याचं.
अ‍ॅल्युमिनियम आपल्या अंगावर गरमी ओढून घेते."
एवढं शहाणपण
दोनशे ऐंशीत बसत नाही, हे त्यालाही माहीत असावं.

मग त्यानं पेपर पूर्ण सोडला
आणि मानच हलवली.
"हे तं जुनं आहे. रुंद पट्टीचं.
हे सगळे डबे नव्याचे."

मी दाते मोजले, दोन रांगा,
जन्मभर प्रूफ तपासल्याची सवय.
एकोणचाळीस.
मधला एक नाहीच. "तुटला वाटते."
"नाही, ती जागा रिकामीच ठेवतात.
उलटं लागू नये म्हणून."

शिडी आली. माळ्यावरून
धुळीचा एक डबा खाली आला, कोपरा चेपलेला,
अ‍ॅल्युमिनियमचा, रुंद पट्टीवाला, अडॅप्टरसकट.
पाचशे. मी तीनशे म्हटलं.
चारशेवर तो हसला.
"वॉरंटी?"
"पायरी उतरेपर्यंत."

घरी कूलरचा पंप बंद केला, आवाज ऐकू यावा म्हणून.
आधी काहीच नाही.
मग आत कुणीतरी घसा खाकरला
आणि फिरू लागलं.

फोल्डर: दोन हजार एक ते चौदा.
महालातलं माझं आठ बाय दहाचं डीटीपी,
एक स्टूल, एक मी.
गणपतीच्या पत्रिका, बुद्धाच्या पत्रिका,
सनई, केळीचे खांब, जोडीचे मोर,
आणि तळाला, कुणी सांगो न सांगो,
आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं.

पहिली फाइल उघडली.
डॉलर. टोपीवाले ए. उलटे स्वल्पविराम.
जुना फॉन्ट नव्या कॉम्प्युटरात नाही.
चारशे रुपयांचा डबा घेऊन
अक्षरांचा डबा राहिलाच होता.

शेजारचा प्रज्योत म्हणाला, "हे तं कचरा आहे, डिलीट मारा."
मी टेबलावर बोटं ठेवली,
नुसतीच, कीबोर्ड नसल्यासारखी,
आणि जे चिन्ह ज्या बोटाखालून निघायचं
ते बोट दाबत गेले.
करंगळी. मग मधलं. शिफ्ट धरून तर्जनी.
चि. सौ. कां. वैदेही.
राहणार वडसा.
मुहूर्त सकाळी दहा पंचावन्न, तारीख अकरा.

अकरा नव्हती ती. सतरा होती.
तीनशे पत्रिका छापून आल्यावर कळलं,
आणि मुलीचा बाप, मी आणि मशीनवाला
रात्री दोनपर्यंत पेनानं
एकाचा सात करत बसलो.
बापानं पैसे पूर्ण दिले. त्यातले शंभर मीच परत केले.
फाइल मात्र कुणी सुधारली नाही.

आताही नाही सुधारली.
डब्यावर हात ठेवला, चांगलाच तापला होता,
पण सगळी गरमी बाहेर, माझ्या तळव्यात.
"बंद करा काकू, थंड होऊ द्या," प्रज्योत म्हणाला.
म्हटलं, थांब, ही एक संपू दे,
आहेर आणू नये, इथपर्यंत आलेय.