अठरा कमी

मोज, पोरी. हवं तर परत मोज.
एकोणसाठ असायला हवेत,
एक्केचाळीसच भरतील.
तू हातमोजे घालून मोजतेस, बरं आहे,
पण हे मणी उघड्या बोटांनी घडवलेत.
पाव चावायचा, गिळायचा नाही
(हे ऐकायलाच सोपं आहे),
जिभेवरून तळहातावर काढायचा,
चुलीतली काजळी घालून मळायचा,
वळायचा, सुईने भोक पाडायचं
आणि रात्रभर काखेत धरून झोपायचं,
गोठून तडकू नये म्हणून.
दिवसाला दोनशे ग्रॅम पाव, त्यातला एक मणी.
हिशोब तूच कर.

क्रूस दात घासायच्या ब्रशच्या दांड्याचा.
दोरा आईच्या पायमोज्याचा, उसवून काढलेला.

लेना नदी जिथे बर्फात शिरते तिथे होतो आम्ही.
नोव्हेंबरात सूर्य जायचा तो जायचाच.
आम्ही मासे खारवायचो. एक मासा चोरला तर शिक्षा तुरुंगाची,
आणि आम्ही हसायचो: म्हणजे कुठे?
मेलेल्यांना दाराबाहेर रचून ठेवायचं,
जमीन जूनपर्यंत कुणाला घेत नसे.

रात्री बार्बोरा कुजबुजत सुरू करायची,
स्वर्गातल्या बापापासून.
रोजच्या भाकरीची ओळ आली की
कुणी खोकायची, कुणी गप्प व्हायची.
बार्बोरा थांबायची तिथे, रागवायची नाही,
आम्ही मागून येऊन गाठेपर्यंत.

कमी कसे झाले विचारतेस ना?

सहा विन्त्सुकासला दिले. मार्सेलेचा धाकटा.
हिरड्या कुजल्या होत्या, चावता येईना.
रोज एक मणी कोमट पाण्यात विरघळवून.
बार्बोरानेच गाठ सोडली.
सातव्या दिवशी पोर गेलं.
सहा मणी वाया गेले, असं कुणी म्हटलं नाही.
मार्सेलेनेही नाही.

एक प्रास्कोव्याला. मुकादमाची बायको.
तिने पकडलं आम्हाला, माळ हातात असताना.
दार लावून घेतलं आणि म्हणाली, एक द्या,
मुलगा आघाडीवर निघालाय,
कोटाच्या अस्तरात शिवते.

दहा मी खाल्ले.
लिहून घे, थांबलीस का?
जानेवारीत आई गेली. मी सतरा वर्षांची.
सगळ्या झोपल्यावर बार्बोराच्या उशाखालून माळ काढली
आणि एक अख्खं दशक खाल्लं,
कुत्र्यासारखं, अंधारात, दात लावून.
भूक होतीच, पण भुकेने नाही. रागाने.
प्रत्येक मण्यागणिक त्याला म्हणत होते:
आता हे घे. आता हे.
पावाची चव नव्हती त्यांना.
खारट लागले, सगळ्यांच्या बोटांचं मीठ.

सकाळी सांगून टाकलं. पाद्री कुठला तिथे,
बार्बोरालाच सांगितलं. ती ओंडका ओढत होती.
थांबली नाही. फक्त त्या रात्री
माळ रिकाम्या दोऱ्यापाशी आली तेव्हा
माझ्याकडे सरकवून म्हणाली,
हे दहा तू म्हण. तुझ्या पोटात आहेत ते.

तेव्हापासून म्हणतेय.
श्रद्धा होती म्हणून नाही, खोटं कशाला बोलू,
देणं होतं म्हणून.
बार्बोरा गेली, तरी म्हटले.
घरी परतलो, घरात दुसरेच लोक राहत होते,
पायरीवर बसून म्हटले.
नवरा गेला तेव्हा शब्द आठवेनात,
नुसता दहापर्यंत आकडा मोजला.
त्यालाही चाललं असावं.
कर्ज फिटलं की नाही, देव जाणे.
व्याजावर मात्र मी जगले.

किती झाले? सतरा.
अठरावा कुठे गेला, खरंच ठाऊक नाही.
बर्फात पडला असेल.

काचेत ठेवा हवं तर.
पण ते उंदरांचं औषध शेजारी नको.
उंदीर आलाच एखादा, तर येऊ दे.
भुकेलाच असणार तोही.