इतिवृत्तातून गाळलेलं

सभा सहाला सुरू झाली. हजर सदस्य अकरा.
हे लिहायचं असतं, मी लिहिलं.
राइली हाउताकांगस सहा-सातला आल्या,
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर नीट झटकून.
हे लिहायचं नसतं.

एकतीस वर्षं त्यांनी तळ्यांचा तळ वाचला.
बर्फाला भोक पाडून खाली नळी सोडायची,
हातभर चिखल उभाच्या उभा वर काढायचा
आणि मोजत बसायचं :
उन्हाळ्याचा एक फिकट पदर, हिवाळ्याचा एक काळा.
दोन पदर, एक वर्ष.
"इथे जंगल जळलं," म्हणायच्या,
"आणि ही तुमची कागदगिरणी."
नखाएवढा तपकिरी पट्टा.
माझ्या वडिलांची अख्खी नोकरी.

आता त्या अंदाजपत्रक वाचतात,
तसंच, डोळ्यांशी धरून.
पान चाळीसवर थांबल्या :
फिरत्या वाचनालयाचं डिझेल यंदा निम्मं कसं?
बस निम्म्या वस्त्यांना जायची बंद झाली होती.
कुणी कुणाला कळवलं नव्हतं.
फाट्यावर दोन म्हाताऱ्या दर मंगळवारी
परत द्यायची पुस्तकं घेऊन उभ्या राहत होत्या.

बाईंना सगळ्यातच रस, लोक म्हणतात.
पोहायच्या धक्क्याची शिडी,
सार्वजनिक साउनाची किल्ली कुणाकडे,
बटाट्याच्या वाफ्यांवरून दोन भावांचं भांडण.
"चिखलात हात घालायची सवय जात नाही,"
ताइस्तो केम्पाइनेन म्हणाले. सभागृह हसलं.
राइलीही हसल्या, जरा उशिरा.
हशा, असं मी लिहिलं. मग खोडलं.

काल शाळेच्या विहिरीचा विषय होता.
चार नमुने. दोनांत आर्सेनिक मर्यादेच्या वर,
दोनांत खाली.
विहीर बंद केली तर टँकर,
टँकर आणला तर स्केटिंगच्या मैदानाचे दिवे नाहीत.
"तुम्ही शास्त्रज्ञ. खात्री आहे?" केम्पाइनेननी विचारलं.
"नाही," त्या म्हणाल्या.
"निदान वीस नमुने हवेत."
"मग?"

मग बराच वेळ हीटरचा आवाज.
त्यांनी हात वर केला.
सगळ्यांच्या आधी, खांद्याच्या जरासा वर,
वर्गात उत्तर न येणारं मूल करतं तसा.

सहा विरुद्ध पाच. ठराव मंजूर.

बाहेर उणे एकोणीस. माझी गाडी सुरू होईना.
त्या शेजारी उभ्या राहिल्या, बॅटरी धरून.
"चार नमुन्यांवरचा निष्कर्ष
मी माझ्या विद्यार्थ्यांना छापू दिला नसता," म्हणाल्या.
"आणि मैदानावर माझी नातच खेळते.
हे लिहिलंत का?"
"नाही. गाळलं."
त्या काही बोलल्या नाहीत. तळ्याकडे बघत होत्या,
जिथे या हिवाळ्याचा पदर
अजून खाली बसतच होता.

सकाळी टँकर आला. पोरं मग घेऊन रांगेत.
ड्रायव्हरला पावतीवर सही हवी होती,
कुणाचीही चालेल, म्हणाला.
मी केली.