दोन दहा ते चार पंचवीस

दोन वाजून दहा मिनिटांनी घेतलेली प्रत.
तिला एवढंच ठाऊक होतं:
व्याजाची आकारणी आटोपली,
पेन्शनची फाईल अजून रांगेत उभी,
आणि मे महिन्याची अकरा तारीख
नुकती कुठे सुरू झालेली.

चार पंचवीसला वेळापत्रकाचा डेटाबेस बसला.
सदरमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावर
एसी मशीनसाठी, आमच्यासाठी कूलर.
ओल्या वाळ्याचा वास, पडद्यावर लाल अक्षरं,
आणि प्रत परत चढवायची कमांड
मी टाईप करून मोकळा.

"एंटर नको मारू,"
टेंभुर्णे मॅडम म्हणाल्या.
"आधी सांग, दोन दहानंतर काय काय झालं?"

प्रत चढली की ती आपली विचारणार,
पेन्शन पाठवू?
तिच्या लेखी पाठवलीच नव्हती.
तिकडे उमरेड, काटोल, तुमसर,
एकोणीस हजार खात्यांत
पैसे कधीचे जाऊन पडलेले.
तिने पुन्हा पाठवले असते,
तितक्याच इमानानं.

परत आणलेली गोष्ट
जिथं सोडली तिथूनच बोलायला लागते,
हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी रजिस्टर काढलं.
आम्ही हसायचो त्या रजिस्टरला.
निळं बॉलपेन, स्केलनं मारलेल्या रेघा,
कपाच्या बुडाची तपकिरी खूण,
आणि प्रत्येक कामासमोर वेळ, सेकंदासकट.

आधी रांग रोखली. मग प्रत चढवली.
मग त्या वाचत गेल्या, मी खुणा करत गेलो.
दोन चौदा, झालं.
दोन एकतीस, झालं.
दोन पन्नास, पेन्शन, झालं, झालं.
मॅडम दोनदा म्हणाल्या.
मी एकदाच लिहिलं.

तीन वीस ते तीन चाळीस
पान कोरं.

"कूलरमध्ये पाणी भरून राहिली होती रे मी."
आणि नेमकं त्याच वीस मिनिटांत
मयत खातेदार वगळण्याचं काम.
झालं की राहिलं,
प्रतीला माहीत नाही, रजिस्टरला माहीत नाही.
मी मॅडमकडे बघत बसलो.

"सोड ते. पुन्हा चालव," त्या म्हणाल्या.
"पैसे दोनदा गेले तर बोंब होते.
मेलेला माणूस दोनदा वगळला
तरी एकदाच जाते."

सोडलं.
सहा सेकंदांत उत्तर आलं:
वगळलेली नावं, शून्य.
म्हणजे आधीच गेली होती सगळी,
आम्ही बघत नसताना.

रांग पुन्हा हलायला लागली.
खाली पोह्याच्या ठेल्यावर
तर्रीचं पातेलं चढल्याचा वास आला.
उजाडायच्या आतच हवा तापलेली.

मॅडमनी स्केल घेतली,
कोऱ्या जागेच्या वर एक रेघ, खाली एक,
आणि मध्ये लिहिलं:
कूलर. चार बादल्या.
मग जरा थांबून, सेकंद आठवत,
पेनचं टोपण लावलं.